मोसमापूर्व क्रमवारी: आकड्यांशी वाद घालावा, पण कसा?

सप्टेंबर महिना लागला की उत्तर अमेरिकेत एक वाद दरवर्षी नव्याने पेटतो. नॅशनल हॉकी लीग, म्हणजेच एनएचएल, ही तिथली व्यावसायिक आइस हॉकीची सर्वात मोठी स्पर्धा. तिचा मोसम ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो. पण एकही सामना होण्याआधीच संख्याशास्त्राचे अभ्यासक ३२ संघांची क्रमवारी जाहीर करतात. कोणत्या संघाला किती गुण मिळतील, प्लेऑफमध्ये जाण्याची शक्यता किती टक्के, स्टॅनले कप जिंकण्याची किती, हे सारे आकड्यांत मांडले जाते. आणि मग भांडण जुंपते. एक बाजू म्हणते, "यांनी कधी बर्फावर पाय तरी ठेवला आहे का? खेळ डोळ्यांनी बघायचा असतो, संगणकावर नाही." दुसरी बाजू म्हणते, "आकडे खोटे बोलत नाहीत."

या भांडणाशी आपला काय संबंध, असा प्रश्न वाचकांना पडेल. हॉकी म्हटली की आपल्याला मैदानावरची हॉकी आणि मेजर ध्यानचंद आठवतात, बर्फावर घसरणारी रबरी चकती नाही. तरीही आम्ही हा विषय मुद्दाम घेतला आहे. आपल्या समाजातील अनेक तरुण आज संख्याशास्त्र आणि डेटा सायन्स शिकत आहेत. काही जण टोरांटो, न्यू जर्सी अशा ठिकाणी पोहोचले आहेत, जिथे हा खेळ रोजच्या गप्पांचा भाग आहे. पण त्याहून महत्त्वाचे कारण वेगळे आहे. आज कर्जाच्या अर्जापासून नोकरीच्या निवडीपर्यंत अनेक ठिकाणी माणसाविषयी आधीच एक आकडा तयार होतो आणि त्यावरून निर्णय घेतला जातो. तिथे तो आकडा बरोबर होता की चूक, हे आपल्याला बहुधा कधीच कळत नाही. खेळात मात्र सप्टेंबरचे भाकीत आणि एप्रिलचा निकाल सर्वांसमोर असतो. म्हणून आकड्यांची चिकित्सा कशी करावी, हे शिकायला यासारखी उघडी शाळा नाही.

क्रमवारी तयार कशी होते?

एनएचएलमध्ये प्रत्येक संघ साखळीत ८२ सामने खेळत आला आहे. विजयाला २ गुण, जादा वेळेत किंवा शूटआऊटमध्ये हरल्यास १ गुण, नेहमीच्या वेळेत हरल्यास शून्य. ३२ पैकी १६ संघ प्लेऑफमध्ये जातात. संघांनी खेळाडूंवर किती पगार खर्च करावा, यावर २००५-०६ पासून कडक मर्यादा आहे. २०२५-२६ साठी ती ९ कोटी ५५ लाख डॉलर होती. त्यामुळे श्रीमंत संघाने सारे चांगले खेळाडू विकत घेतले, असे इथे होत नाही. शिवाय नव्या खेळाडूंच्या निवडीत तळाच्या संघांना झुकते माप असते. परिणामी संघ एकमेकांच्या बरेच जवळ येतात. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

अभ्यासक प्रत्येक खेळाडूची मागील काही वर्षांची कामगिरी घेतात. अलीकडच्या वर्षाला जास्त वजन देतात, वयानुसार वाढ किंवा घसरण धरतात, कोण किती मिनिटे बर्फावर असेल याचा अंदाज बांधतात आणि त्यावरून संघाची ताकद काढतात. मग संगणकावर तोच मोसम हजारो वेळा खेळवतात. एखादा संघ दहा हजारपैकी आठ हजार वेळा प्लेऑफमध्ये गेला, तर त्याची शक्यता ८० टक्के. जे गुण छापले जातात ते या साऱ्या मोसमांची सरासरी असतात. "हा संघ ९६ गुणांवर" असे छापले जाते, तेव्हा त्यामागे ८० पासून ११० पर्यंतच्या कितीतरी शक्यता उभ्या असतात. वाचणारा मात्र फक्त ९६ लक्षात ठेवतो.

२०१४: आकडेवाल्यांचा विजय

या वादाचे सर्वात गाजलेले उदाहरण म्हणजे कोलोरॅडो ॲव्हलांच. २०१३-१४ मध्ये या संघाने ११२ गुण मिळवून सर्वांना चकित केले. प्रशिक्षक पॅट्रिक रॉय हे स्वतः महान गोलरक्षक. संघ तरुण, चाहते खूश. पुढचा मोसम सुरू होण्याआधी संख्याशास्त्राचे अभ्यासक मात्र सांगत होते की हा संघ खाली येणार. त्यांची बरीच टिंगल झाली.

त्यांचा युक्तिवाद समजून घेण्यासारखा आहे. हॉकीत एका संघाचे एका सामन्यात साधारण ३ गोल होतात, पण त्यासाठी गोलवर सुमारे ३० फटके मारले जातात. गोल थोडे असल्याने त्यांत योगायोगाचा वाटा मोठा असतो. म्हणून गोलऐवजी फटक्यांचे सर्व प्रयत्न मोजावेत, असा विचार पुढे आला. गोलवर गेलेले, बाहेर गेलेले, मध्येच अडवलेले, सगळे. या मापाला कॉर्सी म्हणतात. बफेलो सेबर्सचे गोलरक्षक-प्रशिक्षक जिम कॉर्सी गोलरक्षकावर किती ताण पडतो हे पाहण्यासाठी असे प्रयत्न मोजत, त्यांच्यावरून हे नाव पडले. आपले प्रयत्न जास्त की समोरच्याचे, यावरून खेळ कोणाच्या ताब्यात होता हे कळते.

दुसरे माप म्हणजे पीडीओ. आपल्या फटक्यांपैकी किती टक्के गोल झाले आणि समोरच्याच्या फटक्यांपैकी किती टक्के आपल्या गोलरक्षकाने अडवले, या दोन टक्केवाऱ्यांची बेरीज. गोलवर गेलेला प्रत्येक फटका एक तर गोल होतो, नाही तर अडवला जातो. त्यामुळे सर्व संघ मिळून ही बेरीज बरोबर १०० येते. एखादा संघ १०० च्या बराच वर असेल, तर त्याचा गोलरक्षक विलक्षण आहे किंवा नशीब जोरात आहे. विलक्षण गोलरक्षक दर वर्षी तसाच खेळेल याची खात्री नसते आणि नशिबाची तर नसतेच.

कोलोरॅडोचे फटक्यांचे प्रयत्न प्रतिस्पर्ध्यांपेक्षा कमी होते. गोलरक्षक सेमियन वार्लामोव्ह याने मात्र त्या वर्षी अप्रतिम खेळ केला होता. म्हणजे ११२ गुणांचा डोलारा ज्यावर उभा होता तो पाया कच्चा होता. २०१४-१५ मध्ये संघ ९० गुणांवर आला आणि प्लेऑफबाहेर राहिला. टोरांटो मेपल लीफ्सचेही त्याआधी असेच झाले होते. २०१३ मध्ये प्लेऑफ गाठलेला हा संघ, फटक्यांच्या हिशेबात कमकुवत असल्याचे अभ्यासक सांगत असताना, २०१३-१४ मध्ये ८४ गुणांवर थांबला. त्यानंतर २०१४ च्या उन्हाळ्यात टोरांटोने अवघ्या २८ वर्षांच्या काइल डुबास यांना सहायक महाव्यवस्थापक नेमले. आकडेवारीवर त्यांचा विश्वास सर्वांना माहीत होता. रसायनशास्त्रात पीएचडी केलेले आणि हौसेने हॉकीच्या आकडेवारीवर लिहिणारे एरिक टल्स्की पुढे कॅरोलायना हरिकेन्समध्ये गेले आणि २०२४ मध्ये तिथले महाव्यवस्थापक झाले. खेळाच्या वर्तुळाबाहेरचा माणूस अभ्यासाच्या बळावर आत जाऊ शकतो, हे आपल्या तरुणांनी लक्षात ठेवावे.

२०१५: आकडेवाल्यांची फजिती

पण गोष्ट इथे संपली असती तर ती प्रचाराची गोष्ट झाली असती. त्याच २०१४-१५ च्या मोसमात दुसरे एक नाट्य घडले. लॉस एंजेलिस किंग्ज हा नुकताच कप जिंकलेला संघ होता आणि फटक्यांच्या हिशेबात सर्वात वरच्या संघांत होता. त्याच्याच विभागातला कॅल्गरी फ्लेम्स या हिशेबात तळाकडे होता आणि मोसमापूर्वी जवळपास कुणीही त्याला प्लेऑफमध्ये धरले नव्हते. ९ एप्रिल २०१५ रोजी दोघे समोरासमोर आले. कॅल्गरीने सामना ३-१ ने जिंकला, स्वतः प्लेऑफमध्ये गेला आणि किंग्जना बाहेर काढले. कॅल्गरी ९७ गुण, किंग्ज ९५.

आकड्यांना नावे ठेवणाऱ्यांना आनंदाचे भरते आले. कॅल्गरीचे प्रशिक्षक बॉब हार्टली यांना त्या वर्षीचा सर्वोत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कार मिळाला. पुढच्या वर्षी काय झाले? कॅल्गरी ७७ गुणांवर कोसळला, किंग्ज १०२ वर गेले आणि हार्टली यांची नोकरी गेली.

या एका उदाहरणातून दोन्ही बाजूंनी शिकावे. आकडे एका मोसमात तोंडघशी पडू शकतात आणि तरीही संघाच्या खऱ्या ताकदीबद्दल त्यांचे म्हणणे बरोबर असू शकते. एका वर्षाच्या निकालावरून भाकिताला शहाणे किंवा मूर्ख ठरवणे घाईचे आहे. हार्टली यांना जे शिक्षण मिळाले ते महागडे होते. एका वर्षी नशिबाने दिलेले श्रेय त्यांच्या नावावर जमा झाले आणि पुढच्या वर्षी तेच वसूल केले गेले.

नशीब किती मोठे असते?

कागद-पेन घेऊन एक हिशेब करू. समजा सर्व ३२ संघ अगदी सारख्या ताकदीचे आहेत आणि प्रत्येक सामना म्हणजे नाणेफेक आहे. ८२ नाणेफेकींत सरासरी ४१ विजय मिळतील. पण प्रत्येक संघाला ४१ मिळणार नाहीत. संख्याशास्त्राच्या नियमानुसार यातला नेहमीचा चढउतार साडेचार विजयांचा आहे आणि शंभरपैकी ९५ वेळा उत्तर ३२ ते ५० विजयांच्या दरम्यान पडेल. जादा वेळेचा गुण बाजूला ठेवला तर हे ६४ ते १०० गुण झाले. १०० गुणांवर बहुतेक वर्षी प्लेऑफचे तिकीट पक्के असते, ६४ गुणांवर संघ तळाच्या आसपास असतो. म्हणजे ताकद पूर्ण सारखी असतानाही केवळ योगायोगाने एक संघ वीर ठरू शकतो आणि दुसऱ्याचा प्रशिक्षक घरी जाऊ शकतो.

नव्या करारानुसार २०२६-२७ पासून प्रत्येक संघाचे ८४ सामने होणार आहेत. सामने वाढले की नशिबाचा वाटा घटतो हे खरे, पण दोन सामन्यांनी तो नावापुरताच घटतो. पगाराच्या मर्यादेने संघ जवळ आणल्यामुळे या खेळात नशिबाला मोठी जागा मिळते. म्हणून कोणतीही क्रमवारी पाहताना पाचव्या आणि नवव्या क्रमांकात खरोखर फरक आहे का, हे आधी विचारावे. बऱ्याचदा तो दोन-तीन गुणांचा असतो, एवढा फरक तर एका आठवड्यात पुसला जातो.

आकड्याला काय दिसत नाही?

आता आमच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचा मुद्दा. २०१७ मध्ये लास वेगासला नवा संघ मिळाला, व्हेगास गोल्डन नाइट्स. इतर संघांनी जे खेळाडू राखून ठेवले नाहीत, त्यांतून हा संघ उभा राहिला. साहजिकच बहुतेकांनी त्याला तळाला ठेवले. या संघाने पहिल्याच वर्षी १०९ गुण मिळवले, विभागात पहिला आला आणि थेट अंतिम फेरीत जाऊन वॉशिंग्टनकडून हरला.

त्यांचा एक खेळाडू विल्यम कार्लसन. आधीच्या मोसमात कोलंबसकडून ८१ सामन्यांत त्याचे गोल होते ६. व्हेगासमध्ये पहिल्या वर्षी त्याने ४३ केले. त्यात नशिबाचा भाग होताच, पुढे तो ४३ च्या जवळ पुन्हा गेला नाही. पण दुसरे कारणही होते. कोलंबसमध्ये तो खालच्या फळीत खेळत असे. मिनिटे कमी, सोबती दुय्यम, काम मुख्यतः समोरच्याला रोखण्याचे. व्हेगासमध्ये त्याला पहिल्या फळीत जागा आणि चांगले सोबती मिळाले.

६ हा आकडा खोटा नव्हता. पण तो जेवढा कार्लसनच्या क्षमतेबद्दल बोलत होता, तेवढाच त्याला मिळालेल्या संधीबद्दलही बोलत होता. मॉडेलने दोन्ही एकत्र मोजले आणि आपण ते सारे गुणवत्तेच्या खात्यावर लिहिले. ज्याला बर्फावर उतरूच दिले नाही, त्याचा आकडा कुठून येणार? हा प्रश्न आमच्या वाचकांना नवा नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

दुखापत ही आणखी एक गोष्ट. फ्लोरिडा पँथर्सने २०२४ आणि २०२५ असे सलग दोन वर्षे कप जिंकला. २०२५-२६ च्या मोसमाआधीच्या सराव शिबिरात त्यांचा कर्णधार अलेक्झांडर बार्कोव्ह याच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली. सप्टेंबरच्या सुरुवातीला ज्यांनी फ्लोरिडाची टक्केवारी छापली होती, त्यांचा हिशेब एका दिवसात जुना झाला.

आणि प्लेऑफची तर बातच वेगळी. २०२२-२३ च्या आधी बोस्टन ब्रुइन्सची घसरण होईल असे अनेक जण म्हणत होते. संघाचे वय वाढलेले, काही प्रमुख खेळाडू शस्त्रक्रियेमुळे बाहेर. बोस्टनने ६५ विजय आणि १३५ गुण मिळवून साखळीतले दोन्ही विक्रम मोडले. मग तोच संघ पहिल्याच फेरीत ९२ गुणांच्या फ्लोरिडाकडून सात सामन्यांत हरला. ३ जानेवारी २०१९ च्या सकाळी सेंट लुइस ब्लूज ३१ संघांत शेवटचा होता. जूनमध्ये कप त्याच्या हातात होता.

वाद घालायचाच, तर तीन प्रश्नांवर

या साऱ्यावरून "आकडे फेकून द्या" असा निष्कर्ष आम्ही काढत नाही. "डोळ्यांनी बघणाऱ्या" जाणकारांनीही कोलोरॅडोला ओळखले नव्हते आणि व्हेगासलाही नाही. डोळ्यांनाही सवयी असतात, आवडीनिवडी असतात, पूर्वग्रह असतात. फरक इतकाच की मॉडेलचे पूर्वग्रह कागदावर आणून तपासता येतात, डोळ्यांचे सहज येत नाहीत. म्हणून कोणतीही क्रमवारी समोर आली की तीन प्रश्न विचारावेत.

पहिला, पद्धत उघडी आहे का? काय मोजले, कशाला किती वजन दिले, हे सांगितले नसेल तर तो फक्त आदेश आहे, त्याला अभ्यास म्हणता येणार नाही.

दुसरा, अनिश्चितता सांगितली आहे का? नुसता क्रमांक देणाऱ्यापेक्षा "८० ते ११० गुण" असे सांगणारा जास्त प्रामाणिक असतो, जरी तो कमी ठाम वाटला तरी.

तिसरा, मागच्या भाकितांचा हिशेब दिला आहे का? इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. एखाद्याने दहा संघांना प्रत्येकी ८० टक्के शक्यता दिली, तर त्यांतले साधारण दोन संघ बाहेर राहायलाच हवेत. दहाच्या दहा आत गेले आणि दर वर्षी तसेच होत राहिले, तर त्याचे ८० टक्के चुकीचे आहेत, तो गरजेपेक्षा कमी बोलतो आहे. म्हणून एका संघाचे नाव घेऊन "बघा, तुमचे चुकले" म्हणणे हा वाद नव्हे. सर्व ८० टक्केवाले एकत्र घेऊन बघावे लागते.

या वादात पैसा कुणाचा?

आता ज्या कारणासाठी हा विषय केवळ करमणुकीचा राहत नाही, त्याकडे येऊ. १४ मे २०१८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरील सट्ट्याला रोखणारा केंद्रीय कायदा रद्द केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एनएचएलने एमजीएम रिसॉर्ट्सशी भागीदारी केली. कॅनडाने २०२१ मध्ये एकेका सामन्यावरील सट्टा कायदेशीर केला आणि ४ एप्रिल २०२२ पासून ओंटारियो प्रांतात खासगी कंपन्यांचा बाजार उघडला. जाहिरातींचा इतका पूर आला की २०२४ मध्ये तिथल्या नियामकाला ऑनलाइन जुगाराच्या जाहिरातींत खेळाडूंना वापरण्यावर बंदी घालावी लागली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ओटावाचा तरुण खेळाडू शेन पिंटो याला सट्ट्याशी संबंधित कृतींबद्दल ४१ सामन्यांची बंदी झाली. एनएचएलच्या सामन्यांवर त्याने पैसे लावल्याचा पुरावा नसल्याचे लीगनेच सांगितले. जी लीग सट्टेबाजीच्या कंपन्यांकडून पैसे घेते, तीच खेळाडूला शिक्षा करते, ही विसंगती तिथल्या लोकांच्याही नजरेत आली.

मोसमापूर्व क्रमवारी या बाजारात वेगळेच काम करते. ती वाचणाऱ्याला वाटते की आपण अभ्यास केला आहे, आपल्याला कळते. हिशेब मात्र वेगळा आहे. तिथल्या नेहमीच्या भावाने १०० जिंकण्यासाठी ११० लावावे लागतात. तुम्ही शंभर वेळा ११० लावले आणि बरोबर निम्म्या वेळा जिंकलात, तर ५,००० मिळतात आणि ५,५०० जातात. नुसते पैसे वसूल होण्यासाठी ५२.४ टक्के वेळा बरोबर यावे लागते. तेही अशा कंपनीविरुद्ध, जिच्याकडे तुमच्यापेक्षा चांगली मॉडेल्स आणि अभ्यासकांची पगारी फौज आहे.

हे आपल्याकडेही घडले आहे. क्रिकेटच्या पैशांच्या खेळांना "कौशल्याचा खेळ" म्हणून न्यायालयांत वाचवले गेले आणि लाखो तरुण मोबाइलवर आकडेवारी चाळत संघ निवडत बसले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. मुंबईच्या ड्रीम इलेव्हनने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या आणि भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून तिचे नाव गेले. कायदा झाला म्हणून मोह संपला, असे मात्र नाही. ज्या घरात महिन्याचा पगार मोजून खर्च होतो, तिथे शंभर-दोनशे रुपयांची "अभ्यासपूर्ण" चूक रोज झाली तर काय होते, हे वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना सांगायला नको.

म्हणून आमचे तरुण मित्रांना सांगणे एवढेच आहे. आकडे शिका, भरपूर शिका. त्यांना घाबरू नका आणि त्यांच्यापुढे मान तुकवू नका. ज्यांना या विषयात रस आहे त्यांनी या सप्टेंबरमध्ये एक साधा प्रयोग करून पाहावा. एका वहीत ३२ संघांची नावे लिहा, प्रत्येकापुढे प्लेऑफची तुमची टक्केवारी लिहा, शेजारी एखाद्या नावाजलेल्या अभ्यासकाची लिहा आणि तारीख टाका. पैसे एक रुपयाही लावू नका. एप्रिलमध्ये वही उघडा आणि ८० टक्केवाल्यांपैकी किती आत गेले, २० टक्केवाल्यांपैकी किती, ते मोजा. हे दोन-तीन वर्षे केलेत, की उद्या कुणी तुमच्याविषयी, तुमच्या शाळेविषयी किंवा तुमच्या वस्तीविषयी तयार केलेला आकडा पुढे सरकवील, तेव्हा कोणते प्रश्न विचारायचे हे तुम्हाला ठाऊक असेल.